घरच्या माणसाची कबर दुसरीकडे हलवायची असेल तर (नाशिककरांसाठी)

आजोबा इथे शरणपूरला, आजी गावाकडे पुरलेली, मुलांना वाटतं दोघं शेजारी असावीत. ख्रिस्ती, लिंगायत, गोसावी, बऱ्याच घरांत हा विषय निघतो आणि मग भावाभावांत वाजतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी हे समजून घ्या की सख्खी लेकरं असलात तरी पुरलेला देह तुमच्या मालकीचा नसतो. काश्मीरच्या मगरे केसमध्ये बापाने मुलाचा मृतदेह मागितला होता, तेव्हा २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की दफन झालं की देह कायद्याच्या ताब्यात जातो, तो उकरून काढणं हक्क म्हणून मागता येत नाही. पण मेलेल्या माणसालाही सन्मान आहे, राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये तो येतो, हेही कोर्ट मानतं. तुमच्या अर्जाचा सगळा जोर इथेच हवा, आम्ही हे सन्मानाने करतोय आणि घरात कुणाचाही विरोध नाही.

त्यामुळे पहिलं काम घरातलं. नवरा किंवा बायको हयात असेल तर त्यांची सही आधी, मग सगळी मुलं, लग्न होऊन गेलेल्या मुलीसुद्धा, आत्याला विचारलंच नाही असं अजिबात करू नका, एकाने हरकत घेतली की काम अडकलंच समजा. संमती नोटरी करून घ्या. मृत्यू दाखला आणि दफनाची पावती जोडा.

मग नव्या जागेची एनओसी, जुनी कबर उघडायच्या आधी. त्यानंतर जुन्या दफनभूमीच्या कमिटीची. महापालिका हद्दीत आयुक्तांची लेखी परवानगी लागते, देवळालीत कॅन्टोन्मेंट बोर्डाला विचारा, गावात ग्रामपंचायत आणि तहसीलदार. नकार आला तर तोही लेखीच घ्या, कारण पुढे हायकोर्टात (नाशिकसाठी मुंबईच) तोच कागद लागतो.

मृत्यू संशयास्पद असेल तर मॅजिस्ट्रेट बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १९६ खाली देह उकरायला लावू शकतात. तिथे शक्य असेल तर नातेवाईकांना कळवून चौकशीला हजर राहू द्यायचं असतं, ते ठामपणे मागा.

रात्री गुपचूप खोदणं तर नकोच. दफनभूमीत घुसून भावना दुखावल्या तर बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम ३०१ लागतं, एक वर्षापर्यंत कैद.

प्रत्यक्ष काम पावसाळ्यात काढू नका, आपली काळी माती चिकट होते. जुन्या कबरीत पेटी बहुतेक कुजून बसलेली असते, त्यामुळे शेवटचा थर फावड्याने नाही, खुरप्याने आणि हाताने काढायला सांगा. माती चाळून घ्या, क्रूस, बटणं, अंगठी सापडते. अस्थी पांढऱ्या कापडात, छोट्या पेटीत. फादर किंवा जंगम स्वामी, जे तुमच्यात असतील ते हजर हवेत, आणि हे बघवणार नाही अशा माणसाला आग्रह करून नेऊ नका.

जुना खड्डा त्याच दिवशी बुजवा, आणि दोन्हीकडच्या रजिस्टरमध्ये नोंद करून घेऊन तिची सही-शिक्क्याची नक्कल घरी आणा.