हिरवा ढेकूण घरात शिरतो तेव्हा

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की विदर्भातील खेड्यांत ओसरीवरचा दिवा लागताच ढालीच्या आकाराचे, नखाएवढे हिरवे किडे भिंतीवर आपटू लागतात. सोयाबीन आणि तुरीच्या कोवळ्या शेंगांतील रस शोषणारा हा हिरवा ढेकूण शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. खाटेतल्या ढेकणाप्रमाणे तो माणसाचे रक्त पीत नाही आणि त्याची अंडी पिकाच्या पानांवर असतात, घरात नव्हे. वावरातील पीक निघाले, खाणे संपले आणि उजेड दिसला, एवढ्याच कारणाने तो घराकडे येतो.

त्याला हात लावण्यापूर्वी त्याच्या वासाचे कारण समजून घ्यावे. प्रौढ किड्याच्या छातीच्या खालच्या बाजूस, पायांच्या बुडाशी, गंधग्रंथींची तोंडे असतात, आणि किडा दाबला, चिरडला किंवा चिमटीत धरला की तेथून उग्र वासाचा द्रव बाहेर पडतो. या द्रवातील अल्डिहाइड वर्गातील काही द्रव्ये कोथिंबिरीतही असतात, त्यामुळे अनेकांना हा वास सडक्या सांभारासारखा, म्हणजे कोथिंबिरीसारखा, वाटतो, आणि त्यांचे नाक खोटे बोलत नाही. चपलेने मारण्यासारखी वाईट युक्ती दुसरी नाही, कारण किडा एक मरतो आणि वास मात्र भिंतीला, चपलेला व अंथरुणाला लागतो.

त्यापेक्षा एका रुंद तोंडाच्या गंजात चार बोटे पाणी घेऊन त्यात कपडे धुण्याची चमचाभर पावडर विरघळवावी. साध्या पाण्यावर किडा तरंगत राहतो व काठ धरून वर चढतो. साबणाच्या पाण्यात तो बुडतो. डिवचल्यावर हा किडा पुष्कळदा उडण्याऐवजी पाय सोडून खाली पडतो, म्हणून गंज त्याच्या खाली भिंतीला टेकवून धरावा आणि वरून खराट्याच्या काडीने त्याला हलकेच ढकलावे. पहाटेच्या गारव्यात किडे सुस्त असल्याने हे काम तेव्हा फार सोपे जाते. हाताला वास लागलाच तर आधी थोडे खाद्यतेल चोळून मग साबणाने धुवावे. द्रव डोळ्यांत गेल्यास डोळे न चोळता स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावेत.

पिकावर फवारण्याचे औषध घरात मारण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि ते उघड्या शिवारात. चूल, पाण्याचे माठ आणि लेकरे असलेल्या खोलीत त्या औषधाला स्थान नाही.

खरा उपाय दिव्यापाशी आहे. पांढऱ्या, निळसर उजेडाकडे किडे अधिक झेपावतात, म्हणून ओसरीवर पिवळा बल्ब लावावा आणि अंधार पडण्यापूर्वीच दारे लावून घ्यावीत. खिडकीला बारीक जाळी बसवावी, दाराखालच्या फटीत पोत्याची गुंडाळी सारावी. कवेलूच्या घराच्या सगळ्या फटी काही बुजवता येत नाहीत. तेथे स्वयंपाक झाकून ठेवणे हेच हाती उरते.

घरात कापूस साठवला असेल तर निराळी पाहणी करावी लागते. उमललेल्या बोंडात लपणारे बारीक करडे ढेकूण वेचलेल्या कापसाबरोबर खोलीत येतात, चिरडले की वास मारतात आणि रुईवर डागही पाडतात. भाव वाढण्याची वाट पाहत कापूस ठेवायचाच असेल, तर तो आधी अंगणात उन्हात पसरावा, बरेचसे किडे निघून गेल्यावरच आत घ्यावा, आणि शक्यतो त्या खोलीत कोणाची खाट टाकू नये.