‘पुढे वाक!’ असं ओरडू नका: स्की शिकवताना होणाऱ्या चुका

गुलमर्गच्या गोल्फ कोर्सवर हिवाळ्यात गोल्फ नसतो, नवशिके असतात. फेब्रुवारीत तिथल्या मंद उतारांवर थोडा वेळ उभं राहिलं की कुठून तरी मराठी कानावर येतंच, आणि बहुतेक वेळा ते एकच वाक्य असतं: ‘अरे पुढे वाक, पुढे!’ ओरडणारा दोन वर्षांपूर्वी शिकलेला असतो. ऐकणारा त्याचा मेहुणा, बायको किंवा ऑफिसातला मित्र. तो बिचारा इमानदारीत कमरेतून वाकतो, खाली पडलेलं नाणं शोधावं तसा. बूड मागे जातं, स्की पायाखालून पुढे पळतात आणि गडी पाठीवर. वरून पुन्हा ओरड: ‘सांगितलं होतं ना पुढे वाक म्हणून!’

मीही हे केलंय. दोन आठवड्यांचा कोर्स करून आलो आणि पुढच्याच वर्षी भाच्याला शिकवायला निघालो. तेव्हापासून दरवर्षी कुणा ना कुणाला पहिले दोन दिवस सोबत करतो. एवढ्या वर्षांत माझं मत पक्कं झालंय: नवशिक्याच्या दहा चुका वेगवेगळ्या दिसतात, पण त्यातल्या आठ म्हणजे मागे झुकण्याचीच रूपं. आणि माणूस मागे झुकतो तो भीतीने. ओरडून भीती जात नाही, वाढते.

आपल्या ट्रेकर मंडळींना तर हे जास्तच जड जातं. सह्याद्रीत घसाऱ्यावरून उतरताना आपण काय करतो? टाचा रोवतो, अंग डोंगराकडे ठेवतो, फारच झालं तर सरळ बसतो. तिथे ते बरोबरच आहे. स्कीवर नेमकं तेच नडतं. स्की वळते आणि वेग आवरते ती तिच्या पुढच्या भागावर वजन असेल तर. वजन टाचेवर गेलं की पुढची टोकं हलकी होतात, बर्फावर नुसती भिरभिरतात, आणि खाली लांबच लांब दोन फळ्या राहतात. त्यात स्कीच्या बुटात घोटा जवळजवळ जखडलेला असतो. म्हणून ‘गुडघे वाकव’ म्हटलं की माणूस उकिडवा बसल्यासारखा खाली जातो आणि वजन आणखी मागे पडतं.

मग म्हणायचं काय? मी एवढंच म्हणतो: ‘नडगीने बुटाची जीभ दाब.’ बुटाच्या पुढच्या बाजूला नडगीसमोर जी जाड गादी असते, ती जीभ. तिच्यावर दोन्ही नडग्या सतत टेकलेल्या हव्यात. हात पुढे, चहाचा ट्रे धरल्यासारखे, स्वतःला दिसतील असे. आधी सपाटीवर, स्की घालून, जागच्या जागी लहान लहान उड्या मारायला लावा. टाचेवर उभं राहून उडी मारताच येत नाही, त्यामुळे शरीर आपोआप मधोमध येतं. नंतर अगदी मंद उतारावर घसरता घसरता त्याच उड्या. ज्याला घसरताना उडी मारता येते त्याला ‘पुढे वाक’ सांगावं लागत नाही.

आणखी एक खूण: अर्ध्या तासात ‘मांड्या पेटल्या’ अशी तक्रार आली की समजा, माणूस मागे बसून घसरतोय. अदृश्य खुर्चीवर बसून राहिलं तर मांड्या पेटणारच. त्याला ‘व्यायाम कमी पडतोय’ म्हणून हिणवू नका.

उतार चुकला की शिक्षक चुकला

भाच्याची गोष्ट सांगतो, कारण ती सगळी माझीच चूक होती. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्याला थांबणं जेमतेम जमलं होतं. मला वाटलं, चला, थोडं वरून येऊ. त्याला वर उभं केलं आणि मी बरोब्बर त्याच्या खाली, हात पसरून, पोलचे, म्हणजे हातातल्या काठ्यांचे, पट्टे मनगटात अडकवून उभा. तो निघाला. चार सेकंदांत त्याचे डोळे मोठे झाले, स्कीची टोकं सरळ झाली आणि तो ओरडायला लागला, ‘मामा, सरक! मामा, सरक!’ मी सरकलो नाही. दोघेही आडवे. त्याला काही झालं नाही. माझा अंगठा पोलच्या मुठीत अडकून मागे वळला आणि पुढचा महिना शर्टाचं बटण लावताना त्या दिवसाची आठवण यायची. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या अस्थिबंधाची ही दुखापत स्कीवाल्यांत इतकी नेहमीची आहे की डॉक्टरी भाषेत तिला ‘स्कीअर्स थंब’ असंच नाव आहे.

एकाच वेळी केलेल्या चुका मोजा. उतार त्याच्या कुवतीबाहेरचा. मी थेट खाली उभा, जिथे कधीच उभं राहायचं नसतं. उभं राहायचं ते बाजूला. आणि पट्टे मनगटात.

पहिल्या दिवसाचा उतार असा हवा की खाली लांब सपाटी असेल, शक्य तर समोर थोडा चढ. म्हणजे काहीही केलं नाही तरी स्की आपोआप थांबते. हे एकदा अंगाला कळलं की माणूस मागे झुकायचा कमी होतो, कारण घाबरण्यासारखं उरतच नाही. म्हणून ‘आधी ब्रेक शिकव’ हा सल्ला मला अर्धाच पटतो. आधी अशी जागा शोधा जिथे ब्रेक लागत नाही.

गुलमर्गला गंडोल्याचा, म्हणजे वर नेणाऱ्या केबल कारचा, मोह असतो. गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर. गंडोल्याचा पहिला टप्पा कोंगडोरीला नेतो, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३९८० मीटरवर. फोटोसाठी जरूर जा. पण दुसऱ्या टप्प्यावरचा उतार यंत्राने दाबलेला नसतो, तिथे हिमस्खलनाचा धोका असतो आणि तिथे शिकणाऱ्याचं काहीच काम नसतं. दोन दिवस शिकलेल्याला ‘काही होत नाही रे’ म्हणत वर नेणारा मित्र, मित्र नव्हे.

वेळही बघा. फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये रात्री गोठलेला बर्फ सकाळी काचेसारखा कडक असतो, दुपारनंतर उन्हाने त्याचा ओला गोळा होतो. मधले दोन-तीन तास शिकवायला सगळ्यात चांगले. तीननंतर पाय थकलेले असतात, आणि ‘शेवटची एक फेरी’ हमखास तेव्हाच सुचते.

बूट

निम्मे धडे बुटात बिघडतात. भाड्याच्या दुकानात गरम वाटतो, आरामशीर वाटतो म्हणून लोक एक माप मोठा बूट घेतात. आत पाय नाचतो, टाच उचलली जाते आणि स्कीला निरोपच पोचत नाही. स्कीच्या बुटाचं माप पायाच्या लांबीवर असतं, सेंटिमीटरमध्ये. घरीच भिंतीला टाच टेकवून पाय मोजून जा. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकीच लागली पाहिजेत, आणि नडगी पुढे दाबली की थोडी मोकळी झाली पाहिजेत. ताठ उभं असतानाच सगळं मोकळं मोकळं वाटत असेल तर तो बूट परत करा.

मोजा एकच, पातळ आणि लांब. दोन मोजे घातले तर ऊब वाढत नाही, रक्त कोंडतं आणि बोटं गार पडतात. थर्मलची पँट बुटात खोचू नका. तिची एक घडी नडगीवर तासाभरात असा वळ उठवते की माणूस नडगी टेकवायलाच तयार होत नाही, आणि पुन्हा मागे झुकतो. बकल लावण्याआधी टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा. वरची बकलं घट्ट, पावलावरची हलकी. बोटं बधिर झाली तर पावलावरची सैल करा. तळव्यात पेटका येत असेल तर शिकणारा बोटांनी जमीन धरायचा प्रयत्न करतोय. त्याला बोटं बुटात हलवायला सांगा, निम्मी भीती तिथेच गळते.

स्की चढत नाही, टाच दाबून दाबून दमला? नव्वद टक्के वेळा बुटाच्या तळाला बर्फ चिकटलेला असतो. बाइंडिंगच्या (बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या खटक्याच्या) कडेवर तळ खरवडा, मागची तरफ खाली आहे ना बघा, आधी बोटं, मग टाच: ‘खट्’.

आणि वजन खरं सांगा. पडताना बाइंडिंग किती जोराने सुटेल हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही किती शिकलेले आहात यावर ठरवतात. लाजेने पाच किलो कमी सांगितले तर स्की विनाकारण सुटेल. बढाई मारून ‘मला येतं’ म्हटलं तर सुटायला हवी तेव्हा सुटणार नाही, आणि पीळ गुडघ्यात जाईल. हा जोर ठरवणारा बाइंडिंगचा स्क्रू स्वतः फिरवू नका.

पिझ्झा बिघडतो तेव्हा

स्कीची पुढची टोकं जवळ, टाचा लांब: वेग आवरायचा हा स्नोप्लाऊ, मुलांना बऱ्याच ठिकाणी ‘पिझ्झा’ म्हणून शिकवतात. ऑस्ट्रियातल्या सेंट अँटोनला हानेस श्नायडर १९०७ पासून शिकवत होता. स्नोप्लाऊपासून टप्प्याटप्प्याने समांतर वळणापर्यंत नेणारी त्याची आर्लबर्ग पद्धत जगभर गेली. आपण गोल्फ कोर्सवर जे करतो त्याचा सांगाडा बराचसा तोच.

टोकं एकमेकांवर चढतात? माणूस टोकं ओढून जुळवतोय. लक्ष टाचांवर न्या: ब्रेडवर लोणी पसरताना सुरी जशी बाहेर ढकलतो, तशा टाचा बाहेर. टोकांमध्ये एक वीतभर जागा राहू द्या. पिझ्झा मोठा आहे तरी वेग कमी होत नाही? मग स्की आतल्या कडेवर न येता सपाट पडल्यात, किंवा वजन मागे आहे. एकच स्की पळते? वजन एका पायावर.

वळताना पुणेकर लगेच ओळखू येतो. स्कूटर वळवतो तसा तो वळायचं त्या बाजूला अंग टाकतो. स्नोप्लाऊमध्ये वळवते ती बाहेरची स्की, म्हणजे उजवीकडे जायचं तर डाव्या पायावर वजन. अंग उजवीकडे टाकलं की वजन चुकीच्या पायावर जातं आणि गाडी सरळच. मी सांगतो: ‘जिकडे जायचं नाही, त्या पायावर उभा राहा.’ ऐकायला विचित्र, पण भौतिकशास्त्रावरच्या भाषणापेक्षा लवकर समजतं. एका फेरीला एकच सूचना द्या. खाली बघू नको, हात वर, गुडघे, नडगी, सगळं एका दमात सांगितलं तर त्यातलं काहीच होत नाही. पोल तर पहिल्या दिवशी बाजूलाच ठेवा. हातात असले की माणूस त्यांनी ब्रेक लावायला बघतो.

पडायलाही शिकवा: बाजूला, डोंगराच्या अंगाला, आणि पूर्ण थांबेपर्यंत पडून राहा. घसरत असतानाच मागे बसल्या अवस्थेतून उठायची धडपड केली की गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध जातो. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या आणि अंगाच्या खालच्या बाजूला. आडव्या म्हणजे कशा, ते कळत नसेल तर बर्फाचा गोळा सोडा. तो ज्या रेषेत घरंगळतो तिला काटकोनात. हे सपाटीवर दहा वेळा करून घ्या. उतारावर पहिल्यांदा करायची ही गोष्ट नव्हे.

नवराबायकोंनी एकमेकांना शिकवावं का, हा प्रश्न मला दरवर्षी विचारतात. गाडी शिकवताना काय झालं होतं ते आठवा आणि तिथल्या एखाद्या काश्मिरी प्रशिक्षकाला दोन दिवस घ्या. ते शांतपणे हिंदीत सांगतात, आणि त्यांच्यावर रुसता येत नाही.

संध्याकाळी हॉटेलात ओले बूट बुखारीला (खोली तापवणाऱ्या शेगडीला) चिकटवून ठेवू नका, प्लॅस्टिक वाकडं होतं. आतलं अस्तर निघत असेल तर काढून खोलीतच, बुखारीपासून हात-दोन हात लांब वाळवा. व्हरांड्यात ठेवले तर सकाळी बूट दगड झालेले असतात, आणि पाय आत घालायलाच वीस मिनिटं लागतात.