ईशज्ञानपर चिंतनात प्रमाणांची गल्लत : या चुका टाळा

ख्रिस्ती श्रद्धेत देवाविषयी विचार करताना शास्त्र (बायबल), परंपरा, तर्क आणि अनुभव या प्रमाणांचा, म्हणजे आधारांचा, उपयोग होतो; त्यांची गल्लत कुठे होते ते पाहू. नोव्हेंबरमध्ये वसई परिसरातील कबरींवर मेणबत्त्या लागतात, तेव्हा मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही, हा वाद कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शेजाऱ्यांमध्ये निघू शकतो. एक जण मृतांसाठीच्या प्रार्थनेचा उल्लेख असलेला, मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय उघडतो आणि दुसरा म्हणतो की असे पुस्तक बायबलमध्ये नाहीच. आपापल्या हातातील ग्रंथापुरते दोघेही खरे बोलत असतात. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४६ मध्ये मक्काबींसह आपली यादी विधिवत घोषित केली, तर प्रोटेस्टंटांनी जुन्या करारासाठी हिब्रू शास्त्राची यादी धरली. म्हणून वाद सुटत नसेल, तर वचनांवर वचने रचत बसू नये. आधी दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवून पाहाव्यात.

याहून खोलवर रुजलेली चूक म्हणजे परंपरा आणि चालीरीती एकच मानणे. लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत उंबराचे पाणी आणणे किंवा हंगामाच्या आरंभी होड्यांना आशीर्वाद देणे, या चाली मला जिवापाड प्रिय आहेत. परंतु वाडवडिलांपासून चालत आले, एवढ्यानेच एखादी गोष्ट पवित्र परंपरा ठरत नाही. कॅथलिक शिकवणीत परंपरा म्हणजे प्रेषितांकडून, म्हणजे येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांकडून, सोपवला गेलेला विश्वासाचा ठेवा होय, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये दैवी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट केले की शास्त्र व परंपरा एकाच उगमातून वाहतात आणि ख्रिस्तसभेचा शिक्षणाधिकार देवाच्या वचनाच्या वर नसून त्याच्या सेवेसाठी आहे. शंका आली, तर अमुक गोष्ट काढून टाकल्यावर श्रद्धेची कबुली मोडते का, असे विचारावे. पुत्र पित्याशी ‘एकसत्त्व’ आहे, हा नायसियाच्या परिषदेने ३२५ मध्ये स्वीकारलेला शब्द बायबलमध्ये सापडत नाही, तरी तो काढला तर ती कबुली कोसळते. उंबराच्या पाण्याविना लग्न सुने वाटेल, पण संस्कार अपुरा राहणार नाही.

‘केवळ शास्त्र’ या प्रोटेस्टंट घोषणेच्या आधारे तर्काला बाहेर काढणे हीदेखील गल्लतच आहे, कारण १५२१ मध्ये जर्मनीतील वर्म्सच्या सभेपुढे प्रोटेस्टंट चळवळीचा प्रणेता लूथर याने आपल्याला शास्त्रवचनांनी किंवा स्पष्ट युक्तिवादाने पटवून द्यावे, अशीच मागणी केली होती.

सर्वांत नाजूक प्रमाण अनुभवाचे असते. वादळातून होडी सुखरूप किनाऱ्याला लागली की तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, देवाचे आभार मानतो. ती साक्ष खरी आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. चूक होते ती त्या साक्षीचा सिद्धांत करताना. देवाने श्रद्धावंतांना वाचवले, असे वाक्य प्रबोधनात, म्हणजे चर्चमधील प्रवचनात, आले, की त्याच रात्री न परतलेल्या होडीच्या घरात ते नेमके उलट अर्थाने ऐकू जाते. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक अपराधी होते, असे वाटते का, असा प्रश्न विचारून येशूने स्वतःच हा निष्कर्ष नाकारला आहे (लूक १३). चिंतन येथे अडखळले, तर कोणाचा अनुभव विचारलाच गेला नाही, हे शोधावे.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ मध्ये ही प्रमाणे एकमेकांशी ताडून पाहण्याच्या कामाची घडण दिसते : परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहुदी नसलेल्यांवर, पवित्र आत्मा आल्याचे पेत्र सांगतो, बर्णबा आणि पौल आपले कथन करतात, सभा शांतपणे ऐकून घेते, याकोब ते सारे आमोसाच्या वचनाशी ताडून पाहतो, आणि त्यानंतरच सर्वांच्या संमतीने अंत्युखियाला पत्र लिहिले जाते. त्या प्रबोधनातील वाक्यही याच रीतीने दुरुस्त करता येते. या तांडेलाने आपण वाचलो म्हणून देवाचे आभार मानले, एवढेच आधी लिहावे, आणि पुढचे वाक्य दुसऱ्या घरी जाऊन, तिथले ऐकून आल्यावर लिहावे.