फोटोची फाईल बारीक करायचीय पण क्वालिटी जायला नको? मग असं करा

आधी फाईल कसली आहे ते बघा, कारण एकच टूल सगळ्याला चालत नाही.

साइटवरच्या सातबाऱ्याचा वगैरे स्क्रीनशॉट असला तर पीएनजीच, म्हणजे काहीही न टाकता फोटो दाबणारा फाईल प्रकार. पीएनजी प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा लिहीत बसत नाही, शेजारच्यावरनं अंदाज बांधतं आणि चुकलेला फरक तेवढा लिहितं, पांढऱ्या जागेत फरक शून्य, मग शून्याच्या रांगाच्या रांगा डिफ्लेट, म्हणजे त्याच्या आतली दाबायची पद्धत, गुंडाळून टाकतं. अंदाज बांधायच्या ५ पद्धती, ओळीगणिक कुठली हे सेव्ह करणारा प्रोग्राम ठरवतो आणि बरेच प्रोग्राम ते घाईत उरकतात. म्हणून ऑक्सीपीएनजी नावाच्या टूलमधून फाईल परत काढायची, एक पिक्सेल न हलता साइज उतरते. पीएनजीक्वांट हे टूल मात्र वेगळं, ते रंगच २५६ वर आणतं, त्याला लॉसलेस, म्हणजे काहीच न गमावणारं, म्हणू नका.

मार्केट यार्डातल्या हळदपट्टीचं, म्हणजे हळद विक्रीच्या पावतीचं, स्कॅन असेल तर पीएनजी लय फुगतं. कागद आपल्याला पांढरा दिसतो पण स्कॅनरला बारीक दाणे दिसतात, अंदाज सारखा चुकतो. इथं वेबपी या दुसऱ्या फाईल प्रकाराचं नियर-लॉसलेस (जवळपास लॉसलेस) घ्या, सीवेबपी या त्याच्या टूलमध्ये त्याचा आकडा ६० ठेवा. १०० म्हणजे काहीच हात लावत नाही, खाली जाल तसे पिक्सेल थोडे थोडे सरकवतं, आकडे वाचताना फरक कळत पण नाही. मिरजेच्या दवाखान्यातला एक्स-रे असेल तर असले प्रयोग करूच नका, सीडीतली फाईल तशीच ठेवा. त्या लाइनीत जेपेग-एलएस नावाचा वेगळा फाईल प्रकार असतो, त्यात नियर ही सेटिंग २ दिली की कुठल्याच पिक्सेलचा आकडा २ पेक्षा जास्त चुकणार नाही ही हमी असते, वेबपीत अशी हमी मागता येत नाही.

आता मोबाईलवरचे कासच्या फुलांचे जेपेग. ४००० बाय ३००० चा फोटो कच्चा धरला तर ३ कोटी ६० लाख बाइट, जेपेगनं त्यातलं बरंच आधीच टाकलंय, त्याला पीएनजी केलं म्हणून गेलेलं परत येत नाही, उलट फाईल मोठी होते. जेपेगट्रान या टूलचं ऑप्टिमाइझ चालवा, थोडं उतरेल. जेपेग एक्सएल या नव्या फाईल प्रकारात केलं तर साधारण २० टक्के वाचतात आणि हवं तेव्हा मूळ फाईल बाइट-टू-बाइट परत मिळते, पण सगळीकडं उघडत नाही, तेव्हा फक्त साठवणीला.

खरंच लॉसलेस झालं का, ते इमेजमॅजिक या प्रोग्रामच्या कंपेअरमध्ये मेट्रिक एई (किती पिक्सेल वेगळे ते मोजायची सेटिंग) देऊन बघा, उत्तर ० यायला पाहिजे. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून टाका भावांनो, फोटो म्हणून टाकलं की ते परत दाबतंय.