डोलोमाइट उष्ण खाऱ्या पाण्याने घडला का, हे कसे ओळखावे

डोलोमाइट हा चुनखडकासारखाच, पण मॅग्नेशियमही असलेला दगड; त्याची पहिली परीक्षा आम्लाच्या थेंबाने होते. गोव्यात जिकडेतिकडे जांभा, आणि जांभ्यावर आम्ल टाकले तरी काहीच होत नाही. म्हणून सराव स्वयंपाकघरातूनच सुरू करावा. जेवणानंतर उरलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यावर १०% हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब सोडला की तो लगेच फसफसतो आणि चुनखडकही तसाच वागतो. (आम्ल पातळ करताना ते पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये.) डोलोमाइटचा तुकडा मात्र त्याच थेंबाला जवळजवळ दाद देत नाही, चाकूच्या टोकाने खरवडून काढलेल्या भुकटीवर थेंब टाकला, तरच बारीक बुडबुडे संथपणे उठतात.

एवढ्याने दगडाचे नाव कळते, त्याची घडण नाही. पर्वत उभे राहताना खडकांचे थर एकावर एक चढतात, त्यांच्या दाबाने खोल गाळात कोंडलेले खारे पाणी पिळून निघते आणि भ्रंशांच्या, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगांच्या, वाटेने चुनखडकात शिरते. तेथे पाण्यातले मॅग्नेशियम निम्म्या कॅल्शियमची जागा घेते आणि सुटलेले कॅल्शियम पाण्याबरोबर वाहून जाते. यात उष्णता निर्णायक ठरते, कारण थंड पाण्यात मॅग्नेशियमला पाण्याचे रेणू घट्ट बिलगलेले असतात आणि ते सहजी स्फटिकात शिरू शकत नाही. आगरवाड्याच्या मिठागरात मीठ काढल्यावर उरणारे कडू पाणी मॅग्नेशियमने भरलेले असते, तरी त्यात पडलेला शिंपला वर्षानुवर्षे शिंपलाच राहतो.

म्हणून प्रत्यक्ष जागेवर आधी डोलोमाइटची सीमा शोधावी. ती थरांना समांतर न जाता त्यांना छेदत एखाद्या भ्रंशालगत पसरली असेल, तर संशय बळावतो. मग पोकळ्यांत भिंगाने पाहावे: साध्या डोलोमाइटच्या स्फटिकांची पृष्ठे सपाट असतात, उष्ण पाण्यातून वाढलेल्यांची बहुधा खोगिरासारखी वाकलेली आणि मोतिया चमकेची. माझ्या मते ही खूण सर्वांत बोलकी आहे. सोबत शिसे-जस्ताची खनिजे दिसली तर उत्तमच. कॅनडातील पाइन पॉइंटच्या खाणी अशाच खडकात होत्या.

पक्का निकाल प्रयोगशाळेत लागतो. स्फटिक वाढताना त्यात अडकलेल्या सूक्ष्म थेंबात, तो थंड होताना आकसल्यामुळे, एक बुडबुडा तयार झालेला असतो. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू तापवून तो बुडबुडा ज्या अंशाला नाहीसा होतो, तो आकडा टिपावा. स्फटिक निदान तितक्या उष्ण पाण्यात वाढला होता.