आकाशात अनोळखी दिवा दिसला? नोंद करताना या चुका टाळा

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी लोकांनी आकाशातून जळत जाणारे पट्टे पाहिले. कुणी उल्का म्हटलं, कुणी पेटलेलं विमान. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं सापडलं. ते चिनी चांग झेंग ३बी रॉकेटचे अवशेष असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. असं काही तुम्हाला दिसलं, तर तुमची नोंद कुणाच्या उपयोगी पडेल का? बहुतेक नोंदी पडत नाहीत, आणि त्याचं कारण खोटेपणा नसतो.

ठिपके जोडून यान बनवणं

३ मार्च १९६८ च्या रात्री सोव्हिएत झोंद-४ यान सोडणाऱ्या रॉकेटचे तुकडे अमेरिकेवरून जळत गेले. सुटे, एकामागोमाग एक. काही साक्षीदारांनी मात्र लांबट यान आणि त्याच्या उजळलेल्या खिडक्या पाहिल्याचं लिहिलं. एका पत्रात तर रिव्हेटने जोडलेल्या पत्र्यांचाही उल्लेख होता! ही माणसं थापाडी नव्हती. दिव्यांमधला अंधार मेंदूने भरून काढला आणि त्याचा सांगाडा केला. म्हणून ‘यान दिसलं’ लिहू नका. ‘पाच दिवे, एका रांगेत, पुढचा सर्वांत तेजस्वी’ एवढंच लिहा. मधली जागा खरंच काळी होती का? तिथून मागचे तारे दिसत होते का? हे त्याच वेळी बघून ठेवा, नंतर आठवून सांगता येत नाही.

उंची, आकार, वेग ठोकून देणं

‘दोन किलोमीटरवर होतं, बसएवढं’ हे वाक्य मला सर्वांत निरुपयोगी वाटतं. रिकाम्या आकाशात, ओळखीची वस्तू शेजारी नसताना, डोळ्याला अंतर कळत नाही. अंतर नाही तर आकार नाही, वेगही नाही. डोळा देतो तो फक्त कोन. हात पूर्ण लांब करा: मूठ साधारण १० अंश, करंगळीची रुंदी १ अंश. पूर्ण चंद्र अर्धा अंशच असतो, म्हणजे करंगळीआड सहज लपतो. ‘पश्चिमेला, क्षितिजापासून दोन मुठी वर’ ही खरी नोंद.

एकट्या दिव्याकडे टक लावणं

काळोखात स्थिर बिंदूकडे बघत राहिलं की तो हलल्यासारखा, डोलल्यासारखा दिसतो. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्टने १७९९ मध्ये तेनेरीफ बेटावर तारे असे डुलताना पाहिले होते, आणि तो कसलेला निरीक्षक होता. उपाय सोपा आहे: गच्चीच्या कठड्याला टेका आणि दिवा विजेच्या तारेच्या किंवा छपराच्या कडेशी जुळवून बघा. कडेपासून सरकला तरच तो हलला. तास-दोन तासांत ताऱ्यांबरोबरच पश्चिमेकडे सरकत असेल, तर बहुधा ग्रह. २०१२-१३ मध्ये लडाख सीमेवर जवानांनी कित्येक महिने टिपलेले संशयित ‘ड्रोन’ गुरू आणि शुक्र निघाले. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते ओळखले.

आधी चर्चा, मग नोंद

मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये याच डुलत्या बिंदूवर प्रयोग केले. बिंदू किती हलला, याचे प्रत्येकाचे आकडे वेगवेगळे होते. सगळे एकत्र बसून सांगू लागले, की आकडे एकमेकांजवळ सरकत. बिंदू मुळात हललाच नव्हता. तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याआधी आपापलं वेगवेगळं लिहा. पाच जणांचं एकमत पुरावा वाटतो खरा, पण पाच न जुळणाऱ्या नोंदी जास्त कामाच्या.

मोबाइलचं म्हणाल तर झूम करू नका. फोकस सुटला की ताऱ्याचीही तबकडी होते. चौकटीत झाडाचा किंवा इमारतीचा कोपरा ठेवा आणि व्हिडिओ मध्ये थांबवू नका. त्यातून कालावधी नेमका मिळतो, आणि ओळख पटवायला तोच बहुधा सर्वांत आधी लागतो: उल्का सहसा काही सेकंदांत विझते, रॉकेटचे जळते तुकडे मिनिटभरही दिसू शकतात.