सत्कार ठरलाय? कॉलेजच्या गौरव सोहळ्यात या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या पोर्चमध्ये एक भला मोठा फ्लेक्स लागला. वरच्या अर्ध्या भागात संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, त्याखाली प्राचार्य, आणि अगदी खाली उजव्या कोपऱ्यात पासपोर्ट आकारात ती मुलगी, जिच्यासाठी हा सगळा थाट होता. मजकूर एका ओळीचा: ‘राज्यस्तरीय स्पर्धेत घवघवीत यश संपादन केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. कसली स्पर्धा, कसलं यश, कशाचाच पत्ता नाही.

मुलगी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. कॅन्टीनमध्ये भेटली तेव्हा सहज विचारलं, “बाय, तू नेमकं केलंस तरी काय?” ती वीस मिनिटं बोलत होती. बांबरला निरंकाराची राय म्हणून देवराई आहे. तिथे जायफळाच्या कुळातली झाडं दलदलीत उभी असतात. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती गुडघा वर काढावा तशी वाकून बाहेर येतात, श्वास घेतात आणि पुन्हा चिखलात शिरतात. हिने वडिलांना बरोबर घेऊन दर पंधरा दिवसांनी तिथे काठी रोवून पाणी मोजलं होतं, वर्षभर. माझा चहा गार झाला. आणि यातलं एक अक्षरही त्या दहा फुटी फ्लेक्सवर नव्हतं.

मी गौरव समितीवर बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे खाली ज्या चुका सांगतो त्यांतल्या बहुतेक मी स्वतः केलेल्या आहेत. मूळ शोधायला गेलं तर सगळ्या एकाच जागी उगवतात: ज्याचा सत्कार करायचा, त्याच्याशी आधी जाऊन कोणी बोललेलंच नसतं.

फॉर्म भरेल त्याचा सत्कार

पद्धत ठरलेली असते. ऑफिसातून सर्क्युलर निघतं, स्टाफच्या ग्रुपवर गूगल फॉर्मची लिंक येते, आणि ‘अमुक तारखेपर्यंत आपली माहिती भरावी’ असा निरोप. ज्यांना स्वतःबद्दल लिहायची सवय आहे ते भरतात. मग दरवर्षी तेच चार चेहरे मंचावर दिसतात आणि बाकीचे मागच्या रांगेत टाळ्या वाजवतात.

यातून कोण सुटतं ते एकदा तपासून पाहा. लेक्चर बेसिसवर शिकवणारे पहिले. त्यांच्यातल्या कोणी नेटची पात्रता परीक्षा काढली, कोणाचा निबंध चांगल्या नियतकालिकात आला, तरी लिंक बहुधा कायम स्टाफच्या ग्रुपवरच फिरते आणि त्यांच्यापर्यंत पोचत नाही. दुसरे लॅब अटेंडंट, ग्रंथालयातले, ऑफिसातले. तिसरे बाहेर क्लबकडून खेळणारे, गावच्या नाटकात काम करणारे, भजनी स्पर्धा गाजवणारे विद्यार्थी. २०२३ मध्ये ३७वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाली, तेव्हा आमच्या कॉमर्सचा एक मुलगा गोव्याकडून खेळला हे आम्हाला पेपरातून कळलं. त्याची हजेरी कमी पडते म्हणून आम्ही त्याच महिन्यात त्याच्या घरी पत्र पाठवलं होतं!

उपाय साधा आहे, थोडा पायपिटीचा. प्रत्येक विभागात एकाने महिन्यातून एकदा वर्गात, लॅबमध्ये, जिमखान्यात जाऊन विचारायचं: तुमच्यातल्या कोणी या महिन्यात काही केलंय का? स्वतःचं सांगायला मुलं लाजतात, मित्राचं मात्र लगेच सांगतात. आम्हाला सगळ्यात चांगल्या बातम्या अशाच, दुसऱ्याच्या तोंडून मिळाल्या.

नॅकचंही, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचंही, इथेच बोलून टाकतो. वार्षिक अहवालासाठी आकडे लागतात, फोटो लागतात, ते कोणालाच चुकलेलं नाही. पण आकड्यासाठी सत्कार ठरला की तो तसाच दिसतो. आधी माणूस ठरवा, फोटो काय, आपोआप निघतोच.

नाव. पुन्हा एकदा, नाव

गोव्यात ही सगळ्यात मोठी दुखरी जागा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पोर्तुगीज लेखनात ‘के’ या अक्षराला जवळजवळ जागा नव्हती. त्यामुळे जुन्या कागदांत ‘क’ साठी सी किंवा क्यू-यू, ‘श’ साठी एक्स. आजोबांच्या जन्मदाखल्यातला नाईक एका तऱ्हेने लिहिलेला, नातवाच्या शाळेच्या दाखल्यात दुसऱ्या, आणि आधारवर तिसऱ्याच. नाव-आडनाव बदलण्यासाठी गोव्याने १९९० मध्ये वेगळा कायदाच केला. ज्या घराने त्या कायद्याखाली खेपा घालून मुलीचं नाव सरळ करून घेतलं, त्या मुलीच्या हातात आपण चुकीच्या नावाचं प्रमाणपत्र दिलं तर तिला काय वाटेल?

उलट दिशेनेही घोळ होतात. रोमनमधून देवनागरीत आणताना ‘ळ’ गायब होतो: वेळीप ‘वेलीप’ होतात, तळावलीकर ‘तलावलीकर’. गावस यांचं ‘गवास’ झालेलं मी स्वतः पाहिलंय. फर्नांडिस, रॉड्रिग्स ही आपल्याकडची आडनावं रोमनमध्ये ‘एस’ने संपतात. झेड लावला की ती स्पॅनिश होतात, आणि प्रिंटरवाल्याचा हात नेमका झेडकडेच जातो. शावियरला ‘झेवियर’ आणि जुझेला ‘जोस’ म्हणणारे निवेदक तर दर वर्षी भेटतात.

तेव्हा प्रवेशाच्या यादीवरून नाव उचलू नका. प्रमाणपत्राची प्रिंट काढण्याआधी कच्चा मजकूर त्या व्यक्तीच्या मोबाईलवर पाठवा आणि ‘बरोबर’ एवढं उत्तर आल्याशिवाय छापायला देऊ नका. निवेदकाने प्रत्येक नाव त्या माणसाच्या तोंडून एकदा ऐकून घ्यावं. मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतलं तर आणखी बरं. वीस नावांना अर्धा तास पुरतो.

‘पेटंट मिळालं’ म्हणण्याआधी

प्राध्यापकांच्या बाबतीत चुकांचा प्रकार वेगळा. इथे नाव बरोबर असतं, कामगिरी फुगलेली असते. कधी मुद्दाम, बहुतेक वेळा अर्धवट माहितीने.

पेटंटचं पाहा. अर्ज केल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, आणि जादा शुल्क भरलं तर त्याआधीही. प्रसिद्ध होणं म्हणजे अर्ज लोकांसमोर आला, एवढंच. तपासणी त्यानंतर होते, आक्षेप येतात, उत्तरं द्यावी लागतात, आणि मग मंजूर झालं तर झालं. मंजूर पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचं असतं. आपल्याकडे मात्र ‘पब्लिश्ड’ हा शब्द दिसला की दुसऱ्या दिवशी ‘पेटंट मिळाल्याबद्दल अभिनंदन’. डिझाइन नोंदणी ही आणखी वेगळी गोष्ट. ती वस्तूच्या दिसण्याची असते, ती चालते कशी याच्याशी तिचा संबंध नाही. तिलाही सर्रास पेटंट म्हटलं जातं. समितीने एकच प्रश्न विचारावा: अर्ज, प्रसिद्धी की मंजुरी? जे असेल ते छापा. अर्ज करणंही कौतुकाचंच आहे, तो अर्ज म्हणून सांगितला तर.

शोधनिबंधांचंही तसंच. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, तरी आमच्याकडे अजून ‘यूजीसी केअर जर्नल’ हा शब्द मानाचा म्हणून फ्लेक्सवर येतो. निबंध कोणत्या प्रश्नावर आहे आणि त्यात काय सापडलं हे दोन ओळींत लिहा, वाचणाऱ्याला जर्नलच्या नावापेक्षा त्यातून जास्त कळतं. आणि सहलेखकांची नावं पूर्ण द्या. एम.एस्सी.च्या मुलीने सहा महिने लॅबमध्ये रात्री काढलेल्या, आणि अभिनंदन एकट्या सरांचं, असं झालं की ती मुलगी कायम लक्षात ठेवते. सरांनाही आतून ओशाळल्यासारखं होतं, पण मंचावर कोण बोलणार?

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा झाली त्याच संध्याकाळी नावाआधी ‘डॉ.’ लावायची घाई नको, विद्यापीठाची अधिसूचना येऊ द्या. आणि पैसे भरून मिळणारे ‘बेस्ट टीचर’ पुरस्कार! ईमेल येतो, नोंदणी शुल्क भरायचं, दुसऱ्या राज्यातल्या हॉटेलात ट्रॉफी घ्यायची. असा पुरस्कार घेऊन आलेल्या सहकाऱ्याला काय सांगावं हे मला अजून नीट जमलेलं नाही. समितीचा नियम मात्र ठेवलाय: अर्जासाठी किंवा ट्रॉफीसाठी पैसे घेतले जात असतील तर तो यादीत नाही. नियम वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून लावला की वाईटपणा कोणा एकाच्या माथी येत नाही.

विद्यार्थ्यांच्या निकालाबाबत थोडक्यात: ‘पहिली आली’ म्हणजे कुठे? वर्गात, विषयात, कॉलेजात की विद्यापीठात? स्वायत्त कॉलेजं स्वतःच्या परीक्षा घेतात, त्यामुळे तिथला पहिला आणि विद्यापीठाचा पहिला एक नव्हे. सीजीपीएला मनानेच दहाने गुणून टक्के काढू नका. गुण आणि फोटो लावण्याआधी मुलांना विचारा. पहिल्या वर्षाला कित्येक जण अजून सतरा वर्षांचे असतात, त्यांच्या पालकांनाही विचारा.

जानेवारीतला सत्कार आणि पाचची कदंब

निकाल मे-जूनमध्ये लागतात, गौरव सोहळा होतो डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगला. तोवर तिसऱ्या वर्षाची मुलं गेलेली असतात. कोणी वेर्ण्याच्या कारखान्यात शिफ्टला, कोणी पुण्याला, कोणी जहाजावर. नाव पुकारलं जातं, कोणी येत नाही, निवेदक म्हणतो ‘त्यांच्या वतीने विभागप्रमुख स्वीकारतील’. पाच-सहा वेळा असं झालं की सभागृहात हसू फुटायला लागतं.

बातमी कळल्यापासून पंधरा दिवसांत काहीतरी करा, मग ते कितीही लहान असो. सकाळी अकराच्या सुट्टीत, कॉरिडॉरमध्ये, पाच मिनिटं. मोठा सोहळा हवा असेल तर तो नंतर होऊ दे.

आणि वेळ ठरवताना कदंबचं, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचं, टाइमटेबल समोर ठेवा, खरंच. चार वाजता कार्यक्रम ठेवला की साडेचारला पाहुणे येतात, आणि पावणेपाचपासून केरी, वाळपई, सांगे, काणकोणची मुलं घड्याळ बघायला लागतात. ज्यांचा सत्कार आहे तीच मुलं मंचावरून उतरून थेट बसस्टँडकडे पळतात आणि सभागृह पाहुण्यांच्या भाषणासाठी रिकामं.

मंचावरचा मुख्य घोळही या भाषणांचाच. स्वागत, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय पाच मिनिटं, पाहुण्यांचं भाषण चाळीस मिनिटं, आणि सत्कारमूर्तींना प्रत्येकी वीस सेकंद. हे प्रमाण उलटं करा. प्रत्येकाबद्दल तीन वाक्यं लिहा आणि ती त्याच्याशी बोलून लिहा: काय केलं, कुठे अडलं, पुढे काय करणार. पालक येणार असतील तर ती मराठीत किंवा कोकणीत वाचा. मराठी की कोकणी हा राजभाषेचा वाद १९८७च्या कायद्याच्याही आधीपासून चालू आहे, तो सभागृहाबाहेर ठेवू. पण सगळं इंग्रजीत झालं तर मागे बसलेल्या आईला आपल्या मुलीने काय केलं हे कळायला दुसऱ्या कोणाला तरी विचारावं लागतं.

शालीबद्दल काय बोलू. गोव्याच्या उकाड्यात अंगावर घातलेली शाल माणूस खुर्चीवर बसायच्या आत काढतो. आमच्या ऑफिसच्या कपाटात एका वेळी सतरा शाली होत्या, त्यांतल्या काही तर दुसऱ्यांदा फिरायला निघालेल्या. त्या पैशांत त्या माणसाच्या विषयातलं एक पुस्तक द्या, नाहीतर खाज्याचा पुडा. तो निदान घरी पोचेपर्यंत संपतो.

चूक झालीच तर

प्रमाणपत्रावर नाव चुकलंय हे मंचावर जायच्या पाच मिनिटं आधी लक्षात आलं? व्हाइटनर लावू नका. फक्त फोल्डर द्या, फोटो काढा, आणि त्या आठवड्यात दुरुस्त प्रत नेऊन हातात द्या. नाव चुकीचं उच्चारलं गेलं तर निवेदकाने लगेच बरोबर म्हणावं आणि पुढे जावं, लांबलचक माफी मागितली की चूक सगळ्यांच्या लक्षात राहते.

एखादं नाव राहूनच गेलं तर आभारप्रदर्शनात ‘हो, आणि एक नाव चुकून राहिलं’ असं शेपूट जोडू नका. त्यातून तो माणूस चुकून आठवलेला ठरतो. सोमवारी त्याच्या विभागात जा, त्याच्या विद्यार्थ्यांसमोर नीट करा. कामगिरी चुकीची छापली गेली असेल तर जिथे जिथे गेली तिथे तिथे, म्हणजे नोटीस बोर्ड, ग्रुप, पेपर, सगळीकडे दुरुस्ती पाठवा आणि वार्षिक अहवालातली नोंदही बदला. नॅकची तपासणी होईपर्यंत ती तशीच राहिली तर तेव्हा उत्तर देणारा कोणीच सापडत नाही.

त्या सत्तरीच्या मुलीचंही आम्ही पुन्हा केलं. फ्लेक्स उतरल्यावर दोन आठवड्यांनी बॉटनीच्या लॅबमध्ये तिला पंधरा मिनिटं दिली, सकाळी अकराला. तीसेक मुलं, चार-पाच शिक्षक, आणि सकाळच्या बसने आलेली तिची आई. पडद्यावर गुडघ्यासारख्या मुळांचा फोटो आला तशी आई पुढे वाकली.

“ही आमची राय न्हय गो?”

मुलगी हसली. आई मग उठूनच उभी राहिली आणि स्वतःच्या गुडघ्याच्या वर हात धरून सगळ्यांना सांगायला लागली, “आमी ल्हान आसतना उदक हांगासर येतालें.”

मुलीने प्रोजेक्टर तसाच चालू ठेवला आणि वही काढून आईला विचारलं, कोणत्या महिन्यात?